तिने पास केलेल्या गाड्या

सिस्टरची गाडी दोराने ओढत आणली तेव्हा मी मुद्दाम पाठ करून बसलो होतो. पुढे दूधवाल्याचा टेम्पो, मागे ती शेवाळी रंगाची, गोल दिव्यांची म्हातारी गाडी, आणि तिच्या स्टिअरिंगवर गाडीहून म्हातारी सिस्टर. पस्तीस वर्षं ती या गाडीतून बाळंतपणं करत हिंडली. निम्मी वस्ती तिच्या हातावर जन्मली आहे, त्यामुळे तिला नाही म्हणायची सोय कुणालाच नाही.

"मिस्त्री, पेट्रोल गळतंय," ती खिडकीतूनच ओरडली.

झालं. सकाळी सकाळी नको तो शब्द. गेलं सव्वा वर्ष पेट्रोलचं काम आलं की माझी कंबर दुखते. ब्रेक आणा, क्लच आणा, गिअरचा डबा आणा, मी नाही म्हणत नाही. पण टाकी, पंप, कार्ब्युरेटर असं काही कानावर आलं की मी कंबरेवर हात ठेवतो आणि चौकापलीकडच्या नव्या गॅरेजकडे बोट दाखवतो. लोक म्हणतात, बायको गेल्यापासून मिस्त्रीने हाय खाल्ली. म्हणू देत. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं.

खरं कारण असं की मला वास येत नाही. कमी येतो असं नव्हे, मुळीच येत नाही. उमेदीची सगळी वर्षं टाकीतलं पेट्रोल नळी तोंडात धरून ओढलं, दारं लावलेल्या शेडमध्ये धूर खात उभा राहिलो, आणि एका हिवाळ्यात सणसणीत सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना नाक घेऊन गेली. त्याला एकोणीस वर्षं झाली. जुन्या गाड्यांच्या मिस्त्रीला नाक नसणं म्हणजे स्वयंपाक्याला जीभ नसणं. बारीक गळती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागेपर्यंत उडून जाते. नाकाला मात्र ती लगेच कळते, आणि नाकाला कळली नाही तर पुढे ठिणगीला कळते.

ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, असं मी समजत होतो. बायकोला सांगितलं तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. दुकानाला कुलूप लावू म्हणालो. ती म्हणाली, "कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं नाक आहे की धडधाकट."

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत पडली. गाडीचं काम झालं की मी घराच्या दारातून हाक मारायचो, "अगं, बस जरा." ती हातातलं काम टाकून, टॉवेलला हात पुसत यायची. गाडीत बसायची, चारही काचा वर करायची, डोळे मिटायची आणि मनात पन्नास मोजायची. मग उतरून बॉनेटपाशी एकदा, मागे टाकीपाशी एकदा वाकायची. वास आला तर "चहा गार होतोय" म्हणून मला घरात बोलवायची आणि आत जाऊन सांगायची कुठून येतोय. नाही आला तर गिऱ्हाइकासमोरच म्हणायची, "जाऊ दे गाडी." गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईला येईल त्या गाडीत बसायची हौस आहे, किंवा तिचा पायगुण चांगला म्हणून मिस्त्री बसवतो. पुढे पुढे तर लोक हट्टच धरायला लागले. वहिनी बसल्याशिवाय गाडी नेणार नाही म्हणायचे. अठरा वर्षांत आमच्याकडून गेलेल्या एकाही गाडीतून पेट्रोल गळलं नाही. याचा मला इतका गर्व होता की विचारू नका. स्वतःच्या नसलेल्या नाकाने मी अठरा वर्षं कांदे सोलले.

तर सिस्टर. तिला कंबरेचं कारण सांगून बघितलं.

"वाका की नका वाकू," ती म्हणाली. "पण काम तुम्हीच करायचं. मी इथेच बसणार आहे."

आणि बसलीच. शेडच्या दाराशी स्टूल ओढलं, काठी मांडीवर आडवी ठेवली. मी बॉनेट उघडलं. आत, झाकणाच्या कोपऱ्यात माझ्याच हातचे आकडे होते. काम केलं की मीटरचा आकडा मी तिथे ऑइलपेंटने लिहितो. दीड वर्षापूर्वी मी याच गाडीच्या पंपाला नवा पडदा घातला होता, त्या दिवसाचा आकडा. पंप म्हणजे इंजिनच्या अंगाला चिकटलेली मुठीएवढी डबी. तिच्यात रबरी कापडाचा एक पडदा असतो, इंजिन फिरलं की एक दांडी त्याला वरखाली ओढते, आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढे येतं. एवढंसं काम, पण पडदा फाटला की पेट्रोल डबीच्या खालच्या भोकातून थेट तापल्या इंजिनशेजारी टिपकतं.

टाकीच्या तळाचं पेट्रोल मी बरणीत काढलं तर ते कोऱ्या चहासारखं निघालं. पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं की असं होतं. मग मी मीटर बघितला. माझ्या आकड्यापेक्षा फक्त नऊ किलोमीटर जास्त.

"गाडी चालवली नाही वाटतं?"

"नाही."

"दीड वर्ष?"

"गुडघे दुखतात," सिस्टर म्हणाली. माझ्या कंबरेसारखेच तिचे गुडघे असणार, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही.

टाकीत बाटलीभर ताजं पेट्रोल ओतलं आणि इंजिन फिरवलं. पंपाखाली लगेच थेंब धरला. टाकीकडून येणाऱ्या रबरी नळ्यासुद्धा वाळून तडकल्या होत्या, वाकवली की भेग पडायची. मी चटकन इंजिन बंद केलं. मग तेलाची कांडी बाहेर काढली. पडदा फाटला की थोडं पेट्रोल तेलातही उतरतं, आणि ते कांडी हुंगून कळतं. समोर गिऱ्हाईक असलं की मी कांडी हुंगण्याचं नाटक करतोच. एकोणीस वर्षांची सवय. डोळे बारीक केले, कांडी नाकाशी धरली, मान हलवली.

"तेल ठीक आहे. पेट्रोल उतरलेलं नाही. गळती ताजीच दिसतेय, सिस्टर. त्या वेळी काही नव्हतं. तिने पास केली होती ना गाडी."

सिस्टर स्टुलावर पुढे सरकली. मग काठी जमिनीवर टेकून म्हणाली, "मिस्त्री, त्या कांडीला पेट्रोलचा वास येतोय. मला इथे, चार पावलांवर येतोय."

मी कांडी पुसायला लागलो.

"नाटक पुरे झालं. तुम्हाला वास येत नाही, हे मला माहीत आहे. तिनेच सांगितलं."

माझ्या हातातून फडकं पडलं. पहिल्यांदा आला तो राग, आणि तोही बायकोवर. अठरा वर्षं अळीमिळी गुपचिळी आणि शेवटी हिच्यापाशी तोंड उघडलं? आजारपणात सिस्टर रोज घरी यायची, इंजेक्शनं द्यायची, दार लावून दोघी तासन् तास बोलत बसायच्या. मला वाटायचं, बायकांच्या गप्पा आहेत, आपण कशाला नाक खुपसा.

"काय म्हणून सांगितलं तिने?"

"तिला स्वतःचं सांगायचं होतं म्हणून." सिस्टरने माझ्याकडे बघणं टाळलं. "औषधं सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात तिचा वास गेला. माझ्या हातातल्या स्पिरिटचाही येईना. मी म्हटलं, कधी कधी होतं असं, येईल परत. नाही आला."

"खोटं."

"मिस्त्री—"

"साफ खोटं! त्यानंतर सात महिने ती गाड्यांत बसली. अकरा गाड्या पास केल्या. माझ्या डोळ्यांसमोर. उगाच उचलली जीभ लावली टाळ्याला!"

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला, जिने माझ्या बायकोला शेवटचं पाणी पाजलं तिला, मी चालती हो म्हणालो, एवढं आठवतं. जवळचा पानाही उचलून फेकला. तो पत्र्यावर आपटून खाली पडला. सिस्टर स्टुलावरून हलली नाही. आयुष्यभर कळा देणाऱ्या बायकांच्या शिव्या खाल्लेली बाई, ती माझ्या आरडाओरड्याला काय भीक घालणार!

आणि ओरडता ओरडताच मला दुधाची पातेली आठवली.

त्या सात महिन्यांत आमच्याकडची पातेली बुडाशी काळी व्हायला लागली होती. ती मागच्या अंगणातल्या नळापाशी बसून तारेच्या घासणीने ती घासत बसायची, अंगात त्राण नसताना. मी चेष्टा करायचो, "भांडं घासतेस की विहीर खणतेस?" ती हसायची. जेवताना विचारायची, "अहो, कसं झालंय?" आणि मी "छान" म्हणायचो. आजारी माणसाच्या हातच्याला काय नावं ठेवायची? शिवाय मला कसलं कळतंय, भाजी जळली की शिजली. तिला करपल्याचा वास येत नव्हता, मला करपल्याची चव कळत नव्हती. सात महिने आम्ही दोघं समोरासमोर बसून जळकं जेवलो आणि छान म्हणालो. मला कळत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी ती विचारायची. दुसऱ्या कुणाला विचारणार होती?

घरात धड नाक असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी तिथेच, गाडीच्या पायरीवर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. ती गेली तेव्हासुद्धा मी असा रडलो नव्हतो, तेव्हा लोकांना आवरण्यात वेळ गेला.

सिस्टरने मला रडू दिलं. मग मी विचारलं, "मग ती आत बसून करायची काय?"

"पन्नास मोजायची." ती म्हणाली. "मीही हेच विचारलं होतं तिला. तर म्हणाली, त्यांचा हात चुकत नाही. माझं बसणं त्यांच्या समाधानाला. मी नाही बसले तर ते उद्या दुकान बंद करतील, आणि मी गेल्यावर माणसाने करायचं काय? भिंतीकडे बघत बसायचं?"

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"भांडले. मग म्हटलं, गाडी झाली की मला निरोप पाठवत जा, मी येऊन हुंगते. जमेल तेव्हा आले. माझी स्वतःची गाडी न्यायला आले तेव्हा मात्र उशीर झाला, ती आधीच बसून उतरली होती. जाऊ दे गाडी, म्हणाली. दुसऱ्या वळणावर मला वास आला. मी गाडी वळवली. तुमच्या कोपऱ्यावर येऊन बघते तर तुम्ही दोघं दारात उभे. तुम्ही कुणाला तरी मोठ्याने सांगत होता, आमच्या हिचं नाक म्हणजे नाक! आणि ती टॉवेल तोंडाला लावून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. मला नाही पुढे येववलं. लांबच्या रस्त्याने हळूहळू घरी नेली, बॅटरीची वायर काढली आणि तेव्हापासून बसने फिरते."

"पण ती गेल्यावर तरी सांगायचं."

"आले होते की. भेटायला जमलेल्या माणसांना तुम्ही तेच सांगत होता. अठरा वर्षांत एकदाही चुकली नाही. काय सांगू मी त्यात?"

मग तिने आणखी एक सांगितलं, त्याने मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. दीड वर्ष ती त्या अकरा गाड्यांच्या मागे होती. कुणाला म्हणायची दवाखान्यापर्यंत सोड, कुणाला म्हणायची बहिणीकडे सोड. गाडीत बसायची, हळूच काच वर करायची आणि हुंगायची. लोक म्हणत, म्हातारीला फुकटचं फिरायची चटक लागली. एकेक करून नऊ गाड्या तिने तपासल्या. सगळ्या ठीक. दहावी तिची स्वतःची.

"अकरावी टेलरची," ती म्हणाली. "तो कुणाला बसवून घेत नाही. गेल्या आठवड्यात त्याची धाकटी नात तापली म्हणून मला न्यायला आला. मागच्या सीटवर दोन्ही नाती आणि मी. मिस्त्री, वास येतोय. माझ्या गाडीला आला तसाच. मी त्याला म्हटलं, तर माझ्यावरच डाफरला. वहिनींनी पास केलेली गाडी आहे म्हणाला, पेट्रोलच्या गाडीत काय अत्तराचा वास येणार?"

"आता कुठे आहे तो?"

"बाहेरगावी. गाडी दाराशी आहे. आज दुपारी येईल. उद्या पहाटे नातींना घेऊन लांब निघायचंय त्याला, त्याच गाडीतून. दिवसभराचा रस्ता." ती उठून उभी राहिली. "माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सगळं सांगेन, तिचंही."

मी सिस्टरच्या गाडीचा पंप उतरवला. टेलर येईपर्यंत वेळ होता, आणि मला आधी कळायला हवं होतं की मी नक्की काय केलं. पंपाचे सहा स्क्रू काढले, डबीची दोन शकलं वेगळी केली. पडदा कडेने फाटला होता, चंद्रकोरीएवढा.

बघताक्षणी कळलं. पडदा बसवताना आधी ती दांडी पूर्ण दाबून धरायची असते. दांडी दाबली की पडदा सैल बसतो, मग स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. दांडी न दाबता आवळलं तर पडदा ताणून बसतो. वर्कशॉपमध्ये सगळं नीट दिसतं, पण इंजिन तापलं आणि दांडी ओढायला लागली की तो कडेला उसवतो. ही पहिल्या वर्षाच्या उमेदवाराची चूक. मी पंधराव्या वर्षी केली होती आणि उस्तादाचा मार खाल्ला होता.

त्या आठवड्यात तिचा दुसरा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. तिला सांगू नका म्हणालो होतो मी. त्याच आठवड्यात दोन पंप उघडले, सिस्टरचा आणि टेलरचा. डोळ्यांपुढे डॉक्टरांचं तोंड आणि हातात स्क्रूड्रायव्हर. म्हणजे माझा हात चुकत नाही म्हणून ती नाकाशिवाय बसत होती, आणि तिचं नाक चुकत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. चुकलो मीच. तिने एका शब्दाने जरी सांगितलं असतं, तर मी दहा वेळा तपासलं असतं. आणि रिपोर्टचं मी तिला सांगितलं असतं, तर कदाचित तिनेही तिचं सांगितलं असतं.

फळीवर एक नवाकोरा पंप होता. जुन्या डबीत पुन्हा पडदा घालायचा धीर मला झाला नाही. टाकी पूर्ण रिकामी केली, आतून धुतली. मग गाडीखाली गेलो. कंबर खरोखरच दुखली. मागच्या टाकीपासून पुढपर्यंत जमिनीलगत धावणारी लोखंडी नळी गंजून फुगली होती, ती चिमट्यांतून सोडवली आणि बाहेर ओढली. तिच्या शेजारी नवी नळी अंथरली आणि जुनीच्या वळणावर वळण घेत वाकवली. घाई केली की नळी चिमटते. दोन्ही टोकांना पेट्रोलच्याच रबराच्या नव्या नळ्या, प्रत्येक सांध्याला नवी क्लिप. सिस्टर टॉर्च धरून उभी होती, आणि तोही मला हवा तिथे नाही, तिला बघायचं तिथे.

"इथे धरा हो. तिकडे काय आहे?"

"बाळंतपणात उजेड कुठे धरायचा ते मी ठरवायची."

"हे बाळंतपण नाही."

"तुमच्या तोंडाकडे बघून तसं वाटत नाही," ती म्हणाली. मी गाडीखाली हसलो, आणि हसल्याचं मलाच वाईट वाटलं.

नवा पंप बसवला. तो बंद डबीचा असल्याने आत बघायची सोय नव्हती, तरी इंजिनला आवळलेला प्रत्येक बोल्ट तपासला. ताजं पेट्रोल घातलं, इंजिन चालू केलं, अर्धा तास तापू दिलं. खाली कोरा कागद पसरला होता. एकेका सांध्याला कोरडी खडूची भुकटी लावली होती, थेंब आला की ती काळवंडते. कुठे काळवंडली नाही. कागद कोराच राहिला.

मग नेहमीची वेळ आली. मी दाराकडे तोंड केलं आणि हाक मारायला तोंड उघडलंही. आत कुणी नव्हतं.

"सिस्टर," मी म्हणालो, "बसता का जरा?"

ती बसली. काचा वर केल्या. डोळे मिटले. मी बाहेर उभा राहून मनात पन्नास मोजले. तिने बत्तिसाव्यालाच दार उघडलं.

"नाही येत."

"नक्की?"

"नक्की."

"आता तुमच्यावर तरी कसा विश्वास ठेवू?"

"ठेवू नका," ती म्हणाली. "पण बसा. टेलर आला असेल."

सिस्टरनेच गाडी चालवली. मी शेजारी बसलो, पायाशी हत्यारांची पेटी. रस्ताभर मी एकच वाक्य घोळवत होतो. मला वास येत नाही आणि माझ्या बायकोलाही येत नव्हता. अगदी सरळ वाक्य आहे. खरंही आहे. यानंतर दुकान राहणार नाही, हे मला दिसत होतं, आणि त्याचं मला एवढं वाटत नव्हतं. कुलूप लावायचं तर एकोणीस वर्षांपूर्वीच लावायला हवं होतं.

टेलरचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. तो नुकताच आला असावा, बॅग दारातच होती. दोन्ही नाती गाडीच्या मागच्या सीटवर बाहुल्या मांडून बसल्या होत्या, काचा वर करून. प्रवासाची तयारी चालली होती त्यांची. मी पेटी खाली ठेवली, दार उघडलं आणि दोघींना बाहेर काढलं. धाकटीने भोकाड पसरलं.

"अहो मिस्त्री, काय चाललंय?" टेलर गळ्यात टेप घेऊन बाहेर आला.

"गाडीची किल्ली द्या. उद्या ही गाडी जाणार नाही. पंप गळतोय."

"पुन्हा तेच? या सिस्टरनी तुमच्या डोक्यात भरवलं ना?"

"त्या बरोबर सांगताहेत. पंप मी चुकीचा बसवलाय. पडदा ताणून बसलाय, तो फाटतोच. सिस्टरच्या गाडीचा फाटला, आज उघडून बघितला." मी थांबलो. "आणि मला वास येत नाही. एकोणीस वर्षं येत नाही. कुणाला सांगितलं नाही."

टेलर वळला. गाडीपाशी गेला, बॉनेटवर हात ठेवला, परत आला. मोठा समंजस माणूस. त्याला चटकन संताप येत नाही, तो आधी हिशेब लावतो.

"तुम्हाला येत नाही, ठीक आहे," तो म्हणाला. "म्हणूनच वहिनी बसायच्या, आता कळलं. पण मग वहिनी बसल्या होत्या ना या गाडीत? माझ्यासमोर बसल्या. काचा वर केल्या. मी इथे उभा होतो, त्या तिथे. उतरून मला म्हणाल्या, जाऊ दे गाडी. त्यांना कसा नाही आला वास?"

सिस्टर गाडीतून उतरून काठीवर रेलून उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती. ते सरळ वाक्य माझ्या जिभेवर होतं.

"आला होता," मी म्हणालो.

"काय?"

"तिला वास आला होता. तुम्ही यायच्या आधी एकदा बसली होती, तेव्हाच मला आत बोलावून सांगितलं. पेट्रोलचा वास येतोय, पुन्हा उघडा म्हणाली. मीच ऐकलं नाही. दवाखान्यात जायचं होतं, उशीर होत होता. मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, तुला काय कळतंय, गप बस आणि त्यांच्यासमोर जाऊ दे म्हण. म्हणून म्हणाली."

टेलरचा चेहरा बदलत गेला. नातींकडे बघितलं त्याने. मोठी धाकटीचे डोळे पुसत होती. मग तो बोलायला लागला, आणि त्या समंजस माणसाच्या तोंडून मी जे ऐकलं ते सगळं मी कुणाला सांगणार नाही. दीड वर्षं माझ्या या पोरी यात बसताहेत म्हणाला. आजारी बायकोला दमात घेऊन खोटं बोलायला लावणारा माणूस म्हणाला. पुन्हा या गाडीला हात लावायचा नाही, दुसरा मिस्त्री आणतो म्हणाला. मी खाली मान घालून ऐकलं. सिस्टरने एकदा तोंड उघडलं होतं, मी हाताने तिला थांबवलं.

शेवटी त्याला धाप लागली. तो दाराच्या पायरीवर बसला आणि टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळत राहिला.

"किती चांगली बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "मिस्त्री, तिचं ऐकायला हवं होतं हो तुम्ही."

"हो," मी म्हणालो. "ऐकायला हवं होतं."